पाठीमागचे तिघे

डिस्नेलँडमधल्या विनी द पूच्या सफरीत एक जागा अशी आहे, की तिथं जवळजवळ सगळी माणसं समोर बघत असतात. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची गाडी पूच्या स्वप्नातल्या रंगीत हत्तींमधून बाहेर पडते आणि समोर मधाची झगमग दिसते. पोरं टाळ्या पिटतात. एप्रिल २००३ मध्ये, ही सफर नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, मीही समोरच बघत होते. इतक्यात मागच्या बाकावरून माझ्या खांद्यावर एक हात आला. "मागं बघ. वर."

मी मान वळवली. ज्या कमानीखालून आम्ही आलो होतो तिच्या वर, अंधारात, तीन मुंडकी टांगलेली होती : एक हरीण, एक गवा आणि एक मूस. तिघांचेही चेहरे मिश्कील होते. ना त्यांच्यावर दिवा होता, ना पूच्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध. क्षणभरात गाडी वळली आणि ते दिसेनासे झाले.

"मॅक्स, बफ आणि मेल्विन," काका म्हणाले. "हे घर आधी त्यांचं होतं."

हात ज्यांचा, त्या माणसाचं माझ्यावर जे ऋण आहे, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

लग्नानंतर १९९७ साली मी पुण्याहून ॲनाहाइमला आले. नवरा सकाळी सातला कामावर जाई. मला गाडी चालवता येत नव्हती आणि फुटपाथवर चालणारं दुसरं माणूस दिसत नसे. रात्री साडेनऊला डिस्नेलँडच्या आतषबाजीचे आवाज घरापर्यंत येत. कसबा पेठेत वाढलेल्या मला त्या आवाजानं विसर्जनाची रात्र आठवे आणि रडू येई.

काका समोरच्या घरात एकटे राहत. बायको गेलेली, मुलगी दूरच्या राज्यात. आमची ओळख मिक्सरमुळं झाली. आईनं दिलेला मिक्सर मी ट्रान्सफॉर्मर लावून वापरत होते आणि एक दिवस भांड्याखालचा कपलर झिजून तुटला. इथं तो कुठं मिळणार? मी तो हातात धरून दारात उभी होते. समोरून ते आले, तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि काही न बोलता घेऊन गेले. संध्याकाळी परत आले ते गॅरेजमधल्या छोट्या लेथवर घडवलेला नवा कपलर घेऊन. मी त्यांना कांदेपोहे दिले. त्यांनी शेंगदाणे एकेक करून आधी खाल्ले.

मी त्यांना काका म्हणू लागले. त्याचा अर्थ विचारला तेव्हा 'वडिलांचा भाऊ' असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून त्याच हाकेला ओ देऊ लागले.

आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी डिस्नेलँडमध्ये रात्रपाळी केली होती. पाहुणे गेले, दिवे विझले की यांचं काम सुरू होई : हलत्या बाहुल्यांची देखभाल. तेल गळतंय का, मान अडकते का, पापणी उशिरा मिटते का, कपड्यावर डाग पडला का. निवृत्त झाल्यावरही ते दर आठवड्याला तिथं जात. मला एकटी बघून त्यांनी मलाही नेलं. मला वाटलं, पाळण्यात बसवतील. ते एका जागी उभे राहिले आणि म्हणाले, "ऐक. तिसऱ्या पक्ष्याची चोच जरा मागं पडतेय."

तिथं मला अण्णा आठवले. आणि अण्णा आठवले की मी विषय बदलत असे. का, तेही सांगायला हवं.

अण्णा, माझे वडील, चिंचवडच्या एका कंपनीत फिटर होते आणि गणपतीत मंडळाचा हलता देखावा उभा करत. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाऊन मोटारींच्या वायपरच्या मोटरी आणत, सायकलच्या चेनी आणत. लाकडी सांगाडा, काथ्या, त्यावर कागदाचा लगदा, मग रंग. १९८२ साली त्यांनी बकासुर केला. गाडाभर भातापुढं बसलेला, हात तोंडाशी नेणारा. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी मंडळाकडं पैसे कमी होते. अण्णांनी तोच बकासुर आडवा निजवला, मिशा बदलल्या, हाताची यंत्रणा काढून छातीत बसवली आणि कुंभकर्ण केला. छाती वर-खाली होई आणि पोटावर चढलेले राक्षस ढोल बडवत.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. शाळेतल्या मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात देखावा दाखवायला घेऊन गेले. एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं, हा तर मागच्याच वर्षीचा बकासुर. नुसता झोपवलाय." सगळ्या हसल्या. घरी आल्यावर मी अण्णांना म्हटलं, "दुसऱ्या मंडळांचे देखावे नवे असतात. आपलाच का शिळा?"

अण्णा कॉटन वेस्टनं हात पुसत होते. ते पुसतच राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी देखावा केला नाही. मंडळानं रोषणाई केली आणि कुंभकर्ण एका टेम्पोतून सासवडच्या पुढं एका वाडीतल्या मंडळाकडं गेला. त्यानंतर आमच्या घरात देखाव्याचा विषय कधी निघाला नाही. मी उच्चारलेला तो एक शब्द वीस वर्षं आमच्या दोघांत पडून राहिला.

काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मला फक्त त्यांचं काम दाखवत होते.

ते सांगत, वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी १९६३ साली डिस्नेलँडच्या टिकी रूममध्ये पक्षी गायला लावले, तेव्हा संगणक नव्हता. चुंबकीय फितीवर सूर नोंदलेले असत. एका सुरानं एक झडप उघडे, हवा नळीत शिरे आणि चोच हले. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात त्यांनी अब्राहम लिंकन खुर्चीतून उठवला. तिथं जोर हवा म्हणून हवेच्या जोडीला तेलाचा दाब वापरला. "हवेची बाहुली हलकी असते, तेलाची ताकदवान असते. पण तेल गळतं, आणि गळलेलं तेल पहाटे कुणीतरी पुसायचं असतं." असं म्हणताना ते स्वतःच्या तळहातांकडं बघत.

मग एके दिवशी ते मला स्प्लॅश माउंटनवर घेऊन गेले. ओंडक्याच्या होडीतून अंधारात जायचं, शेवटी सोळा मीटर खाली कोसळायचं आणि भिजायचं. मी त्या उतरणीच्या धास्तीनं डोळे मिटून बसले होते. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "बेडूक पाहिलेस?" नाही म्हटल्यावर त्यांनी मला पुन्हा रांगेत उभं केलं.

दुसऱ्या फेरीत मी पाहिलं. बेडूक, मगरी, हंस, कोल्हे आणि शेवटच्या चढावर वरून खाली वाकून बघणारी दोन गिधाडं. काका एकेकाकडं बोट दाखवून शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी तशी ती करून देत होते. ही मंडळी या डोंगरासाठी जन्मली नव्हती. १९७४ साली डिस्नेलँडच्या टुमॉरोलँड या विभागात 'अमेरिका सिंग्ज' नावाचा खेळ सुरू झाला. गोल थिएटर, मधोमध स्थिर रंगमंच आणि त्याच्याभोवती प्रेक्षकांच्या खुर्च्यांची फिरती वर्तुळं. ते थिएटरही आधीच्या एका खेळाचं. तो खेळ फ्लोरिडाला हलला आणि रिकाम्या घरात हे प्राणी गायला आले. शंभरावर बाहुल्या अमेरिकेची जुनी गाणी म्हणत. एप्रिल १९८८ मध्ये तोही खेळ बंद झाला.

एवढ्या बाहुल्यांचं करायचं काय? टोनी बॅक्स्टर नावाच्या आराखडाकाराला याचं उत्तर आधीच, १९८३ मध्ये, कामावर जाताना गर्दीत गाडी अडकलेली असताना सुचलं होतं. पार्कला पाण्याची उतरण हवी होती, आणि हे प्राणी लवकरच बेकार होणार होते. दोन्ही गोष्टी त्यानं एकत्र बांधल्या. डोंगराची कथा घेतली १९४६ च्या 'साँग ऑफ द साऊथ' या चित्रपटातली. त्या चित्रपटातल्या प्राण्यांच्या चलत्-चित्रांवर मार्क डेव्हिस यांनी काम केलं होतं, आणि अमेरिका सिंग्जचे प्राणीही त्यांनीच रेखाटले होते. म्हणून दोन वेगळ्या घरांतले प्राणी एका डोंगरात राहायला आले तरी परके वाटले नाहीत. एकाच हातची भावंडं होती ती. जुलै १९८९ मध्ये डोंगर सुरू झाला.

"यातले काही मी टुमॉरोलँडमध्ये सांभाळले होते," काका म्हणाले. "इथं आले तेव्हा मला वाटलं, पोरांना नवी नोकरी लागली."

हंसांची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला. अमेरिका सिंग्ज चालू असतानाच दोन हंस तिथून काढले होते. त्यांची पिसं, कातडी, चोच सारं उतरवून आतला सांगाडा तेवढा ठेवला आणि १९८७ च्या स्टार टूर्स या अवकाशसफरीच्या रांगेत त्यांचे यंत्रमानव केले. रांगेत उभ्या असलेल्या माणसांना ते बडबडे रोबो वाटतात. काका तिथं उभे राहिले की त्यांना ती मान अजून हंसाचीच दिसे. "चालायची ढब सुटत नाही," ते म्हणाले. "कातडं बदललं तरी मान तशीच वळते."

हे ऐकताना मला आडवा निजवलेला बकासुर दिसू लागला. मी काही बोलले नाही.

झपाटलेल्या वाड्यातही त्यांनी मला कितीदा तरी नेलं. हाँटेड मॅन्शन ऑगस्ट १९६९ चं. त्या भुतांचे आणि दोन वर्षं आधीच्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमधल्या चाच्यांचे चेहरे शेजारी ठेवून बघायला त्यांनी मला शिकवलं. काही चेहरे एकाच साच्यातून निघालेले आहेत. वर दाढी लावली की चाचा, पांढरा रंग आणि टोपी दिली की भूत. हे चेहरे घडवणारे शिल्पकार ब्लेन गिब्सन शेतकऱ्याच्या घरात वाढले होते. चर्चमध्ये, हॉटेलात ते अनोळखी माणसांचे चेहरे इतके टक लावून बघत, की पत्नीला कोपरानं ढोसून त्यांना भानावर आणावं लागे. "त्या खऱ्या माणसांना कधी कळलंसुद्धा नसेल," काका म्हणत, "की आपलं नाक इथं अंधारात कामाला लागलंय."

वाड्याच्या दालनात भुतांची जोडपी नाचतात आणि त्यांच्या आरपार दिसतं. ही युक्ती लंडनमध्ये १८६२ साली जॉन पेपर यांनी लोकांपुढं आणलेली. भुतं आपल्यासमोर नसतातच. समोर फक्त एक भलीमोठी काच असते, आणि खऱ्या बाहुल्या आपल्या नजरेआड अंधारात नाचत असतात. आपण बघतो ते त्यांचं प्रतिबिंब. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून त्या नाचात पुरुषांऐवजी बायका पुढाकार घेताना दिसतात. हे एकदा कळलं की दुसरं काही दिसतच नाही.

सुरुवातीला त्या वाड्यात हातात टोपीचा डबा धरलेलं एक भूत होतं. त्याचं मुंडकं खांद्यावरून नाहीसं होऊन डब्यात दिसायला हवं होतं. ती युक्ती जमली नाही आणि काही दिवसांतच त्याला काढून टाकलं. काका त्याच्याविषयी असं बोलत, जणू गावाहून परत न आलेला भाऊ. मे २०१५ मध्ये ते भूत नव्या यंत्रणेसह परत आलं, सेहेचाळीस वर्षांनी. काका तोवर राहिले नव्हते. मी एकटी गेले. मुंडकं खांद्यावरून गेलं आणि डब्यात उमटलं, अगदी वेळेवर. मी हात जोडले. शेजारच्या गाडीतल्या बाईला वाटलं असेल, ही घाबरली.

स्प्लॅश माउंटनच्या डोंगराचंही पुढं रूप पालटलं. ज्या चित्रपटाची कथा त्यानं घेतली होती, त्यातलं गोऱ्यांच्या मळ्यावरच्या काळ्या माणसांचं गोडगुलाबी चित्र पुष्कळांना दुखवणारं होतं आणि ते दुखणं खरं होतं. मे २०२३ च्या अखेरीस स्प्लॅश माउंटन बंद झाला. शेवटच्या आठवड्यात मी लेकीला घेऊन गेले आणि बेडकांपासून गिधाडांपर्यंत सगळ्यांचा निरोप घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच डोंगरात, त्याच पाण्याच्या वाटेवर, राजकन्या टियानाची गोष्ट सुरू झाली. डिस्नेची ती पहिली काळी राजकन्या. प्राणी नवे आहेत, उतरण जुनीच आहे. काका असते तर मला दुसऱ्यांदा रांगेत उभं केलं असतं.

पण मला पुन्हा त्या एप्रिलमध्ये, मॅक्स, बफ आणि मेल्विनकडं जायचं आहे.

ते तिघे कंट्री बेअर जँबोरीतले. मार्क डेव्हिस यांनीच काढलेली अस्वलं तिथं गात आणि भिंतीवरची ही तीन मुंडकी मधून मधून बोलत. अस्वलांची ती चित्रं वॉल्ट डिस्नेनं मरणापूर्वी थोडे दिवस पाहिली आणि तो मनापासून हसला, असं डेव्हिस सांगत. डिस्नेलँडमध्ये तो खेळ १९७२ मध्ये आला आणि २००१ मध्ये बंद झाला. त्याच इमारतीत पूची सफर उभी राहिली. आणि ती उभारणाऱ्यांपैकी कुणीतरी या तिघांना टाकून न देता कमानीच्या मागच्या अंगाला टांगलं. मागं वळून पाहणाऱ्यालाच दिसतील असं.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी काकांना विचारलं, "दिसणारच नसतील तर ठेवायचे कशाला?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "यांनी तीस वर्षं या घरात काम केलं. घर दुसऱ्याला दिलं म्हणून काय त्यांना उंबऱ्याबाहेर काढायचं? एखादी बाहुली दुसऱ्या खेळात लावायला तिच्यातलं प्रत्येक हाड माहीत असावं लागतं. नवी बाहुली कुणीही पैसे देऊन करवून घेतो. जुनीला नवं आयुष्य देणारा खरा कारागीर."

मला पुढचं ऐकू आलं नाही. कॉटन वेस्टनं पुसले जाणारे हात तेवढे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवरच्या वाण्याकडून मी फोनकार्ड आणलं आणि पुण्याला फोन लावला. आईनं उचलला. मी म्हटलं, "अण्णांना दे." असं मी सहसा म्हणत नसे, म्हणून अण्णांनी घाबरून विचारलं, "सगळं ठीक ना?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही बकासुराचा कुंभकर्ण कसा केला होता?"

पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं, लाइन तुटली. मग ते बोलू लागले आणि कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत बोलतच राहिले. हाताचा दांडा काढून तोच छातीच्या फळीला कसा जोडला, कॅमला एका बाजूनं थोडं कसं घासलं म्हणजे श्वास घेताना सावकाश आणि सोडताना भरकन होईल, माणसाचा श्वास तसाच असतो म्हणून. वीस वर्षांपूर्वीचं एकेक माप त्यांना तोंडपाठ होतं. शेवटी म्हणाले, "फळी बिजागरीपाशी कुरकुरायची. राक्षस झोपलाय आणि छातीतून दाराचा आवाज येतोय, हे बरं दिसेना. म्हणून तुझा तो पिवळ्या फुलांचा छिटाचा परकर होता ना, आखूड झालेला, तो घडी करून आत घातला. मग आवाज बंद."

मी ज्याला शिळा म्हटलं होतं, त्याच्या छातीत माझाच परकर होता. तो श्वास माझ्याच कपड्यावर चालला होता. अण्णांनी हे तेव्हा सांगितलं असतं तर मी लाजेनं मेले असते. त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाळ, त्यात काय," आणि कार्ड संपलं.

२००५ च्या गणपतीत मी पुण्याला गेले. अण्णा आता थकले होते, पण मी म्हटल्यावर लगेच तयार झाले. रिक्षा करून आम्ही सासवडच्या पुढं त्या वाडीत गेलो. मंडळाची पोरं नवी होती. अण्णांना कुणी ओळखलं नाही. आम्ही देवळाच्या मांडवात रांगेतून गेलो, आणि मला भीती होती की तिथं काहीच नसेल.

तिथं भीष्म होते. शरशय्येवर आडवे, पांढरी दाढी, अंगावर नवा रंग, लगद्याचे नवे थर. शेजारी अर्जुन धनुष्य घेऊन उभा. पण खांद्यांची रुंदी मी ओळखली आणि अण्णांनी तर मांडवात पाऊल टाकताच ओळखली. बकासुर, कुंभकर्ण, भीष्म. भाताच्या गाड्यापुढं बसलेला राक्षस तेवीस वर्षांत पितामह झाला होता. दर वर्षी देवळाच्या ओवरीत त्याला झाकून ठेवत आणि जमेल तेव्हा बाहेर काढून नवं काम देत, असं एका पोरानं सांगितलं.

छाती वर जात होती, सावकाश. खाली येत होती, भरकन.

अण्णांनी पोरांना विचारून दोरीच्या आत पाऊल टाकलं. भीष्मांच्या छातीशी कान नेला. डोळे मिटले. रांग थांबली होती, मागून कुणीतरी ओरडत होतं, पण ते तसेच वाकून ऐकत राहिले. मग सरळ झाले, माझ्याकडं बघून हसले आणि चालू लागले. परतीच्या वाटेवर ते देखाव्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. रिक्षात माझा हात तेवढा धरून बसले. पुढच्या वर्षी ते गेले.

डिस्नेलँड घडवणाऱ्यांची नावं तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या खिडक्यांवर रंगवलेली असतात. काकांचं नाव त्यातल्या कुठल्याही खिडकीवर नाही. अण्णांचं नाव त्या वाडीत कुणाला ठाऊक नाही. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत, एकमेकांची भाषाही त्यांना येत नव्हती. पण माझे वडील मला परत मिळाले ते अनोळखी देशातल्या एका रात्रपाळीवाल्यानं मला मान वळवायला लावली म्हणून. हे ऋण फिटणारं नाही. फेडायची इच्छाही नाही. ते बाळगून राहण्यातच मला माझं माणूसपण वाटतं.

पुण्याहून परतले त्याच संध्याकाळी मी काकांच्या गॅरेजमध्ये गेले. लेथ बंद करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं : बकासुर, शाळेतल्या मैत्रिणी, माझा तो शब्द, परकर, शरशय्या. त्यांनी ना माझं सांत्वन केलं, ना अण्णांची तारीफ. बोटांतला लोखंडाचा कीस झटकला आणि एकच प्रश्न विचारला.

"आवाज येतो?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात येत नाही."

काकांनी मान डोलावली. समाधानानं, सावकाश. एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद होती.